पांदणीवरच्या बेचाळीस सालई

बेचाळीस झाडांपैकी एक्केचाळीस झाडं हुबेहूब एकच निघाली, तेव्हा भूमिकाने सगळ्यात आधी स्वतःलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं.

तिचा स्वभावच तसा. नागपुरातल्या नंदनवनच्या घरी दूध उतू गेलं, तर गॅसजवळ कोणीही उभं असो, 'माझंच लक्ष नव्हतं' असं म्हणायला ही पहिली तयार. घरात या स्वभावाचा सगळ्यांनी पुरेपूर फायदा घेतला होता, पण प्रयोगशाळेत तो खरोखर उपयोगी पडायचा. चुकीचं उत्तर आलं की लोक मशीनला शिव्या घालतात; भूमिका आधी आपले हात तपासायची.

सदरच्या पलीकडे एका जुन्या संस्थेत ती पीएचडी करत होती, आणि चौथं वर्ष निम्मं संपलं होतं. विषय होता सालईचं झाड. नातेवाईकांना हे सांगायची सोय नव्हती. "सागवानावर केलं असतंस तर समजलो असतो," असं तिचे काका प्रत्येक लग्नात न चुकता म्हणत. सागवानाचा थाट सालईला नाही हे खरंच. पण नागपूरची संत्री ज्या फळ्यांच्या पेट्यांतून गावोगाव गेली, त्यांत सालईचं लाकूड किती गेलं असेल याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. शिवाय जंगलात मोठ्या सालई दिसतात, पण त्यांच्याखाली रोपं फारशी दिसत नाहीत. म्हणून या झाडांमध्ये आता आपसांत किती वेगळेपण उरलंय, हे भूमिकाला शोधायचं होतं.

शोधायची रीत ऐकायला सोपी आहे. झाडाच्या डीएनएत काही ठरावीक जागा अशा असतात, की तिथे तीच दोन-तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. कुणात अकरा वेळा, कुणात सोळा वेळा. प्रत्येक जागेचे दोन आकडे, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. अशा बारा जागा मोजल्या की झाडाची ओळख पटते. दोन झाडांचे एक-दोन जागांचे आकडे जुळू शकतात, पण बाराच्या बारा जागा जुळल्या तर ती दोन झाडं नव्हेतच, एकाच झाडाची पानं दोनदा तोडली आहेत असं समजायचं.

आणि आमडोह गावच्या पांदणीवरून आलेल्या पानांच्या बेचाळीस पाकिटांपैकी एक्केचाळीस पाकिटांचे बाराही आकडे जुळले होते. फक्त सत्तावीस नंबर वेगळा.

भूमिकाने सगळं पुन्हा केलं. डीएनएऐवजी नुसतं पाणी घालून पाहिलं, तर काही उमटलं नाही; म्हणजे भेसळ नव्हती. वाळलेली पानं पाकिटातून काढून पहिल्यापासून डीएनए काढला, तरी तेच. आपले हात स्वच्छ आहेत हे कळल्यावर तिला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. कारण मग चूक तिच्या आधीची होती, आणि तिच्या आधी त्या पानांना एकाच माणसाचे हात लागले होते.

तो माणूस म्हणजे ताराचंदभाऊ. संस्थेत कंत्राटावरचा मदतनीस. वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने काटकुळा, डोक्याला बारा महिने दुपट्टा गुंडाळलेला. लांब बांबूला विळा बांधून तो झाडाची पानं अशी अलगद उतरवायचा की फांदीला कळू नये. भूमिकाच्या सातही ठिकाणची पानं त्यानेच आणली होती. आमडोह हे तर त्याचं स्वतःचं गाव. "जंगलाबाहेरच्या सालई पायजे न मॅडम, मंग आमच्या पांदणीवर बम्म रांग हाये," असं त्यानेच मोठ्या हौसेने सांगितलं होतं.

भूमिकाचे मार्गदर्शक शरच्चंद्र सर यांनी आकड्यांचा कागद पाहिला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ही झाडं नाहीत, हा आळस आहे," ते म्हणाले. "गावाला गेला, एका झाडाखाली बसला, पाकिटं भरली. एक राहिलं ते घरी परतताना दुसऱ्या झाडाचं भरलं. सोपं आहे."

"सर, पण ताराचंदभाऊ असं..."

"महिनाअखेरीला त्याच्या मुदतवाढीचा कागद जायचाय. मी सही करणार नाही. आणि त्याने इथे असं केलं असेल तर बाकीच्या सहा ठिकाणांवर तरी विश्वास कसा ठेवायचा? तूच सांग."

सर दुष्ट नव्हते. पानं खरी नसतील तर पुढचं सगळं गणित खोटं, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. पण महिनाअखेरीला अठराच दिवस होते. तेवढ्यात एका माणसाची बारा वर्षांची नोकरी आणि इभ्रत जाणार होती, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

"मला एकदा तिथे जाऊ द्या," भूमिका म्हणाली.

"जा. पण पानं तू तोडायची. त्याने हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या जीपने दोघं निघाले. सप्टेंबरचे दिवस, दोन्हीकडे कपाशी कमरेएवढी. ताराचंदभाऊ गावाला जायला मिळालं म्हणून खुशीत होता. बायकोने, प्रेमलताने, आज जेवायला काय काय केलं असेल याची यादी तो वाटभर सांगत होता. भूमिका हो हो करत राहिली. आपण या माणसाचं मीठ खाणार आणि त्याच्यावरच पहारा करणार, या विचाराने तिला स्वतःचीच लाज वाटत होती.

पांदण म्हणजे शेताशेतांमधून जाणारी गाडीवाट. तिच्या एका कडेने गावापासून थेट नाल्यापर्यंत सालईंची रांग उभी होती. हिरवट-पिवळी खोडं, त्यांवरून कागदासारखे सुटणारे पापुद्रे, आणि प्रत्येक खोडावर ताराचंदभाऊने गेरूने घातलेला नंबर. बेचाळीसच्या बेचाळीस नंबर जागेवर होते.

त्याने बांबू उचलला तेव्हा भूमिकाने हात पुढे केला. "आज मी तोडते, भाऊ. तुम्ही बसा."

"काहून? तुमाले जमन काय हे?"

"जमेल तसं करते. तुम्ही फक्त... पानांना हात लावू नका."

ताराचंदभाऊच्या चेहऱ्यावरची खुशी हळूहळू उतरली. तो बारा वर्षं शास्त्रज्ञांबरोबर हिंडलेला माणूस होता, त्याला फोड करून सांगायची गरज नव्हती.

"सायबानं सांगतलं काय?"

भूमिकाला खोटं बोलता येईना; तिने मान डोलावली.

"चार वर्षांत एका दिवशी तरी मले खोटं पाकीट भरताना पाह्यलं काय तुमी, मॅडम?" त्याने विचारलं. आवाज चढवला नाही. मग बांबू तिच्या हातात दिला, आणि नाल्याकडच्या बोरीखाली जाऊन तिच्याकडे पाठ करून बसला. भूमिकाला वाटलं, याने दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती कामाला लागली. बांबू जड होता, विळा भलतीकडेच जायचा, आणि अर्ध्या तासात तिच्या खांद्यांनी हार मानली. चौदाव्या झाडाशी ती फांदीशी झुंजत असताना मागून आवाज आला.

"आमच्या गंगूले काहून ओरबाडून राहिली वं, पोरी?"

पांढऱ्याशुभ्र केसांची एक म्हातारी काठी टेकत उभी होती. गोपिकाबाई तिचं नाव. ती पांदणीच्या कडेलाच फतकल मारून बसली, कारण शहरातून आलेली पोरगी बांबूशी कुस्ती खेळते आहे ही करमणूक गावात रोज मिळत नाही.

"गंगू कोण?" भूमिकाने विचारलं.

"हे न. हे गंगूचं. त्याच्या बाजूचं माह्या जावेचं. थे पलीकडचं माह्यं." म्हातारीने काठीने एकेक झाड दाखवलं. "लगनाची मेढ हाये वं थे. मांडवात गाडाले सालईची मेढ, खांब वं, लागते न? लगन झालं का पाचव्या दिवशी मेढ उपटायची अन् नवरा-नवरीनं इथं आणून गाडायची. मिरगाचं पाणी पडलं का फुटते. फुटली का पोरीचा पाय लाभला म्हणायचं. नाही फुटली तर वाळते, का करता."

भूमिकाच्या हातातला बांबू खाली आला.

"आजी, ही मेढ आणतात कुठून?"

"कुठून म्हंजे? महादेवाच्या टेकडीवरच्या सालईची. तिचीच लागते. दुसरी चालत नाही. माह्या घरच्यायले मान होता तोडाचा, गणपतरावले. त्यायच्या बापाले होता, आज्याले होता. तीनशे वर्षं झाले का चारशे, देवाले माहीत."

भूमिका पांदणीच्या मधोमध उभी राहून एकटीच हसायला लागली. म्हातारीला वाटलं पोरीला ऊन लागलं. पण ऊन नव्हतं लागलं, चार वर्षांत लागला नव्हता एवढा मोठा शोध लागला होता. फांदी तोडून लावली की नवं झाड होत नाही, तेच झाड दुसऱ्या जागी उभं राहतं. पिढ्यान्‌पिढ्यांच्या सासुरवाशिणींची ही एक्केचाळीस झाडं म्हणजे टेकडीवरचं एकच झाड होतं, पांदणीवर रांगेने उभं असलेलं. ताराचंदभाऊने पानं प्रामाणिकपणे एकेका झाडाची तोडली असतील तरी उत्तर हेच येणार होतं! चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा घाट आपण घातला होता.

पण मग सत्तावीस?

ती पुढे धावत गेली. सत्तावीस नंबरचं झाड रांगेतच होतं, तरी रांगेत नव्हतं. बाकीची झाडं चार-चार हातांवर, आणि याच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा पावलं मोकळी सोडलेली.

"आजी, हे कुणाचं?"

गोपिकाबाईचा चेहरा आक्रसला. "थे आमच्यातलं नाही. त्याचं नाव माह्या तोंडून नको काढू. देवाच्या झाडाची मेढ नाही थे. म्हणून तर त्यायच्या घरी पाळणा नाही हालला." आणि काठी टेकत ती निघूनच गेली.

भूमिका बोरीखाली गेली. ताराचंदभाऊने मान वळवली नाही. ती त्याच्यासमोर मातीतच बसली आणि सगळं सांगितलं: आकडे, सरांचा संशय, न होणारी सही, आणि आता कळलेली मेढीची गोष्ट. "माझ्याही मनात आलं होतं, भाऊ," ती म्हणाली. "माझं चुकलं. पण तुम्ही मेढीचं कधी बोलला का नाहीत?"

"कागदावर इचारलं होतं, रोपवाटिकेतली का आपसूक आलेली. मेढ त्याच्यात कुठं बसते?" तो म्हणाला. "अन् फांदी लावली का झाड तेच राह्यते हे मले का मालूम? मले वाटे, येगळ्या बाईचं तर येगळं झाड." मग तो थांबला. त्याच्या कपाळावर आठी पडली. "मंग सारेच सारखे निघाले म्हणता?"

"एक सोडून."

"सत्तावीस," ताराचंदभाऊ म्हणाला.

"तुम्हाला कसं माहीत?" भूमिकाने विचारलं.

"थे मायं हाये, मॅडम. प्रेमाचं न मायं. सव्वीस वर्षं झाले. प्रेमा पहिल्या घरची विधवा होती. पाटाच्या लगनाले मांडव नसते, अन् मांडव नाही तर मेढ नाही, असं गोपिकामायचे गणपतराव बोलले. टेकडीच्या झाडाले हात लावू देल्ला नाही. मी म्हटलं, मायं तर पहिलंच लगन हाये! मी मांडव घालीन." त्याने दुपट्टा सोडून पुन्हा बांधला. "तवा मी पेंचकडच्या जंगलात मजुरीले होतो. तिकडून फांदी तोडली, वल्ल्या पोत्यात गुंडाळली, अन् सायकलीनं आणली. दोन दिवस लागले. गाडली तर पंधरा दिवसांत फुटली. पण लोकायनं तिच्याजवळ आपली मेढ लावली नाही कधी."

जेवायला ते त्याच्या घरी गेले. प्रेमलता ठेंगणी, कामात चटपटीत बाई होती. तिने वरण, भाकर, वांग्याची भाजी, ठेचा असं वाढत वाढत सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"येगळं म्हंजे कमी काय, मॅडम?"

"कमी नाही हो. वेगळं म्हणजे फक्त वेगळं."

"सारे असंच म्हणते," प्रेमलता म्हणाली आणि भाकर थापायला वळली. 

परत निघताना उरलेली पानं तोडायला ती पुन्हा पांदणीवर गेली, आणि या खेपेला तिची नजर वर न जाता खाली गेली. सत्तावीसच्या आजूबाजूला, गवतात, गुडघ्याएवढी सालईची रोपं होती. थोडी पुढे विसाव्या झाडाखाली, थोडी तिसाव्याखाली. जंगलात ज्यांच्यासाठी तिने उन्हातान्हात पायपीट केली, ती रोपं इथे बांधावर बिनधास्त उभी!

"ही केव्हापासून येतात?"

"आता धा-बारा वर्षं झाले असन," ताराचंदभाऊ म्हणाला. "पहिले या झाडायले फुलं बम्म यायचे, पण झडून जायचे. फळ धरे नाही."

भूमिकाने सतरा रोपांचं एकेक पान तोडून वेगळ्या पाकिटांत घातलं. का ते तिला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. काहीतरी मनात वळवळत होतं एवढंच.

पुढचे बारा दिवस तिने प्रयोगशाळेत मुक्काम ठोकल्यासारखं काम केलं. तिने स्वतःच्या हाताने तोडलेल्या पानांचं उत्तर आलं: एक्केचाळीस एकच, सत्तावीस वेगळं. आणि सत्तावीसचे आकडे ताराचंदभाऊच्या जुन्या सत्तावीसशी तंतोतंत जुळत होते. एका झाडाखाली बसून पाकिटं भरली असती, तर नेमकं सत्तावीसच वेगळं आलं नसतं; म्हणजे तो प्रत्येक झाडापाशी गेला होता, आणि त्याच्या पाकिटावर जो नंबर होता तेच झाड त्याच्या आत होतं.

शरच्चंद्र सरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले. मेढीची हकिकत ऐकताना त्यांचा चहा गार झाला. मग त्यांनी मुदतवाढीच्या कागदावर सही केली, ताराचंदभाऊला आत बोलावलं आणि उभं राहून म्हणाले, "ताराचंद, मी तुमच्याबद्दल वाईट बोललो. माझी चूक झाली." त्या खोलीत सरांना हे वाक्य म्हणताना भूमिकाने तरी आजवर ऐकलं नव्हतं. ताराचंदभाऊ "जाऊ द्या न, सायेब" म्हणाला, पण गालातल्या गालात हसला.

रोपांचं उत्तर महिन्याच्या शेवटच्या दिवशी आलं. भूमिकाने ते दोनदा वाचलं, आणि धावत जाऊन ताराचंदभाऊला संगणकाच्या पडद्यासमोर आणून बसवलं.

"हे बघा. प्रत्येक रोपाचे प्रत्येक जागी दोन आकडे. एक आकडा रांगेचा. दुसरा कुणाचा आहे?"

तिने सत्तावीसचा कागद त्याच्यापुढे धरला. त्याने बोट ठेवत ठेवत आकडे जुळवले. पहिलं रोप. दुसरं. पाचव्या रोपाशी त्याचं बोट थांबलं.

"सतराच्या सतरा?" त्याने विचारलं.

"सतराच्या सतरा. सालई स्वतःच्याच फुलातला पराग घेत नाही, भाऊ. तिला दुसऱ्या झाडाचा लागतो. आणि तुमच्या पांदणीवर दुसरं झाड होतंच कुठे? टेकडीवरचं काय, रांगेतलं काय, सगळं एकच. माश्या याच्यावरून त्याच्यावर कितीही नाचल्या तरी फळ धरणार नव्हतं. जंगल तिथून कितीतरी लांब. तुम्ही पोत्यात गुंडाळून आणलेली फांदी मोठी झाली, फुलली, तेव्हा पहिल्यांदा या रांगेला फळ धरलं."

ताराचंदभाऊने दुपट्ट्याच्या टोकाने डोळे पुसले, उघडपणे, लपवायचं काही कारण नसल्यासारखे. मग फोन काढून आमडोहला लावला आणि मोठ्या आवाजावर टाकून टेबलावर ठेवला.

"प्रेमा, आयकून राहिली काय? पांदणीवर रोपं हायेत न? मॅडमनं तपासले. थे सारे आपल्या मेढीचे लेकरं हायेत. आपली मेढ नसती तर त्या रांगेले एक फळ लागलं नसतं."

पलीकडे भांडं आपटलं आणि दार करकरलं. काय झालं म्हणून भूमिका फोनवर वाकली.

"प्रेमा?"

"थांबा," प्रेमलता म्हणाली. तिचा श्वास ऐकू येत होता, आणि भरभर चालण्याचा आवाज. "गोपिकामाय तिच्या वट्ट्यावर बसली हाये. मी तिच्याजवळ जाऊन राहिली. आता पुन्हा सांगा. जोऱ्यानं सांगा, तिले कमी आयकू येते."